स्थलांतरित मुलांचा आत्मसन्मान प्रवेश अर्जापासून ढासळतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेच्या बातम्या येतात. वाघोली, हिंजवडी, खराडी, चाकण इथल्या बांधकामांवर इतकी मुलं सापडली, इतकी शाळेत दाखल झाली, एवढं छापून विषय मिटतो. दाखल झालेलं तेरा-चौदा वर्षांचं मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर का फिरकत नाही, याची बातमी होत नाही. गरिबी, कामाला लागणं, बापाची साइट बदलणं ही कारणं खरीच आहेत. पण पुष्कळ मुलं त्याआधीच मनाने शाळा सोडून बसलेली असतात. शाळेच्या फाटकातून आत आलं की आपण कालच्याहून कमी झालो, असं त्यांना वाटतं. असं वाटायला लावणारी माणसं वाईट नसतात. 'लवकर आपल्यासारखा झाला की सुटला' या भल्या हेतूनेच सगळं चाललेलं असतं. आमची तक्रार त्या हेतूबद्दल आहे.

या वयाच्या मुलांचा एक मोठा अभ्यास १३ देशांत झाला. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १३ ते १८ वयाची पाच हजारांवर स्थलांतरित मुलं त्यात होती. त्यांतली साधारण ३६ टक्के मुलं दोन्हीकडे धरून होती. घरची भाषा, माणसं, सणवार सुटले नव्हते आणि नव्या देशाची भाषा, मित्रही जोडले गेले होते. साधारण २२ टक्के आपल्याच माणसांत राहणारी, १९ टक्के नव्या देशाकडे पुरती झुकलेली, आणि राहिलेली साधारण २२ टक्के कुठेच न लागलेली. दोन्हीकडे धरून असलेली मुलं आत्मसन्मानातही पुढे होती आणि शाळेतही. आपल्याच माणसांत राहणारी मनाने बरी होती, शाळेत मात्र अडखळत होती. नव्या देशाकडे पुरती झुकलेली मुलं म्हणजे शिक्षकखोलीत ज्यांना 'छान रुळला हो' म्हटलं जातं ती. त्यांचं मन त्या मानाने बरं नव्हतं. कुठेच न लागलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. आणि आपल्याला हिणवलं जातं असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं मनही खचलेलं होतं आणि शाळाही.

हा अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीवर उभा आहे, त्यामुळे कशामुळे काय झालं हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय भारत त्यात नव्हता. बिहारहून वाघोलीला आलेलं मूल याच देशाचं नागरिक आहे. तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत. दिशा मात्र लागू पडते.

पुणेकरांना ती समजायला जड जाऊ नये. न्यू जर्सीतला नातू आजीशी मराठीत बोलतो, रविवारी मराठी शाळेत जातो आणि सोमवारी तिथल्या मुलांत बेसबॉल खेळतो, याचं आपल्याला कोण कौतुक! बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांना अभ्यासक्रम आणि परीक्षांसाठी आपल्याच पुण्यातल्या भारती विद्यापीठाची साथ आहे. तोच न्याय घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला लावायची वेळ आली की 'महाराष्ट्रात राहायचं तर...' हे वाक्य सुरू होतं. त्याला मराठी आलीच पाहिजे, याबद्दल आमचं दुमत नाही. तिच्यावाचून त्याचं इथे कुणाशी जुळणार नाही. घरची भाषा टाकली की मराठी लवकर येते, हा समज तेवढा सोडून द्यावा.

पहिली ठेच प्रवेश अर्जावरच लागते. आपला अर्ज नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मागतो. बिहार-झारखंडच्या पुष्कळ मुलींच्या आधार कार्डावर नावानंतर फक्त 'कुमारी' असतं, मुलांच्या कार्डावर 'कुमार'. आपल्याकडे कु. ही उपाधी, म्हणून लिपिक 'कुमारी' उचलून नावाच्या आधी ठेवतो आणि आडनावाचा रकाना रिकामा राहतो. मग भर वर्गात विचारलं जातं, 'आडनाव काय गं तुझं?' तिकडे आडनाव न लावणं हे कित्येकदा जात कळू नये म्हणून मुद्दाम केलेलं असतं. इथे नेमकं तेच चव्हाट्यावर येतं. शेवटी बापाच्या नावाचा एखादा तुकडा आडनाव म्हणून चढवला जातो. त्याचा दुसरा फटका दहावीचा परीक्षा अर्ज भरताना बसतो. शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही) एक सांगतं, आधार दुसरं. नाव कागदावर आहे तसंच, काना-मात्रेसह उतरवावं. संगणकात रकाना सक्तीचा असेल तर तिथे काय भरलं ते पालकांना कागदावर लिहून द्यावं. नावाचा उच्चार मुलाला बाजूला घेऊन विचारावा आणि हजेरीपटावर तसाच लिहावा. सोपं जावं म्हणून शिक्षकांनी ठेवलेलं दुसरं नाव वर्षभर चिकटतं.

दुसरी चूक इयत्तेची. गावी सातवी झालेल्या मुलाला मराठी वाचता येत नाही म्हणून पाचवीत बसवतात. मिसरूड फुटलेला मुलगा दहा वर्षांच्या मुलांत बसतो, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत उंच दिसतो, आणि सहलीच्या आधी येणंच बंद करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम ४ प्रमाणे वयानुरूप इयत्ता आणि विशेष प्रशिक्षण हा शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाचा हक्क आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं धरली आहे. शाळा चालूच असलेल्या मुलाला तर खाली बसवायचं कारणच नाही. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगतं. कायद्यात 'प्रत्येक बालक' म्हटलं आहे, नागरिकत्वाची अट त्यात घातलेली नाही. प्रत्यक्षात विशेष प्रशिक्षण म्हणजे वर्गाच्या मागच्या बाकावर चित्र काढत बसणं, असं अनेकदा होतं. रोज एक ते दीड तास, वेगळ्या खोलीत, आणि मुख्यतः मराठी वाचन-लेखन, एवढं पाळलं तरी फरक दिसतो. हा तास खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून कापू नये, कारण भाषा न येता चमकायची जागा तेवढीच असते.

मराठीचं पुस्तक कोणतं द्यायचं, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. शाळेत हाताशी असतं ते पहिलीचं पुस्तक. चौदा वर्षांच्या मुलाने फुलपाखराची कविता मोठ्याने वाचायची आणि वर्गाने हसायचं! त्यापेक्षा बसच्या पाट्या, रेशन दुकानाचा फलक, क्रिकेटच्या बातमीचा मथळा, औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना घ्याव्यात. हिंदी किंवा नेपाळी वाचणाऱ्याला लिपी येतेच. त्याला अडतं ते 'ळ', च-ज-झ यांचे दोन-दोन उच्चार आणि नपुंसकलिंग यांपाशी. हिंदीत दोनच लिंगं, बंगालीत व्याकरणातलं लिंगच नाही. म्हणून चुका होतात, त्यात बुद्धीचा संबंध नाही. आणि भोजपुरी, संथाली किंवा नेपाळी घरच्या मुलाला हिंदीही शिकूनच आलेली असते, हे ध्यानात ठेवावं. 'हिंदी येतं ना, मग झालं' असं नसतं.

नव्या भाषेत पडलेलं मूल आधी गप्प राहतं. काही आठवडे, कधी काही महिने. ते ऐकत असतं. या काळात त्याला उभं करून उत्तर मागू नये. हो-नाही, बोट दाखवणं, फळ्यावर जुळवणं इतपतच मागावं. पुढे ते मैदानावर फाडफाड मराठी बोलू लागतं आणि इतिहासाच्या पेपरात नापास होतं, तेव्हा शिक्षक म्हणतात, 'बोलायला येतं, अभ्यासालाच कंटाळा.' बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कॅनडातलेच भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं त्याला चार दशकं झाली. तेव्हा सातवीत आलेल्या मुलाची पुस्तकी मराठी दहावीपर्यंत कच्ची राहिली, तर त्याला आळशी म्हणता येत नाही. दरम्यान त्याला कच्चं उत्तर हिंदीत लिहू द्यावं, मग मराठीत. विचार आधी उतरतो, भाषा मागून येते.

बसवायचं कुठे? दुसऱ्या बाकावर, आणि जोडीला दोघे असावेत, त्याच्या भाषेचा एक आणि इथला एक. फक्त त्याच्या भाषेचा दिला की कोपरा तयार होतो, फक्त इथला दिला की दिवसभर परक्या भाषेत ऐकून मूल थकतं. इथला सोबती वर्गातला पहिला नंबर नसावा. तो शिकवायला लागतो आणि नाती बिघडतात. बोलक्या, खेळकर, मधल्या फळीतल्या मुलाला निवडावं आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावं, म्हणजे ओझं होत नाही आणि ओळखी वाढतात.

आत्मसन्मान भाषणांनी वाढत नाही. 'तू कुणापेक्षा कमी नाहीस' हे पाहुण्या वक्त्याचं वाक्य मुलं निमूट ऐकून घेतात. आपल्याला येतं ते इथे चालतं, हे दिसावं लागतं. साइटवरच्या मुलाला वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट हे पाठ असतं. १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट उंच ढीग दाखवला तर तो उत्तर आधी देतो आणि सूत्र मागून शिकतो. घनफळाचा धडा त्याच्यापासून सुरू करता येतो. हे एकदा-दोनदाच करावं, नाहीतर तो वर्गात 'बिगाऱ्याचा पोरगा' म्हणून कायमचा ठरतो. नकाशा, बियाणं, नदीचा पूर, आठवडी बाजार अशा दहा ठिकाणी त्याच्या माहितीला जागा आहे.

सांस्कृतिक दिनाबद्दल मात्र आमचं मत कडवट आहे. वर्षातून एकदा नेपाळी मुलीला टोपी घालून नाचायला लावणं, बिहारच्या मुलाला लिट्टी-चोखा आणायला सांगणं, यातून तो वर्गातला एक विद्यार्थी न राहता एका प्रांताचा नमुना होतो. कित्येक मुलांना त्यातलं काही येतही नसतं, मग तेही नाक कापल्यासारखं.

आता मोजमाप. हल्ली शाळांतून आत्मसन्मानाची प्रश्नावली वाटायची पद्धत आली आहे. बहुधा ती अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची, १९६५ ची असते. १० विधानं, चार पर्याय, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ५ विधानं सरळ, ५ उलटी, म्हणजे स्वतःला कमी लेखणारी. उलट्यांचे गुण फिरवून धरायचे. भाषा न कळणारं मूल वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करत जातं. तो रकाना कोणताही असो, गुण फिरवल्यावर बेरीज नेमकी १५ येते. ३० पैकी १५ म्हणजे 'सर्वसाधारण' असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. एक अक्षर न वाचलेला मुलगा असा सुखरूप ठरतो! म्हणून बेरीज करण्याआधी खुणा पाहाव्यात. सगळ्या एका रांगेत असतील तर तो कागद बाद. विधानं मुलाच्या भाषेत, एकेकट्याला, तोंडी वाचून दाखवावीत, आणि 'मी अपयशी आहे' याला 'असहमत' म्हणायचं म्हणजे काय, हे दुसऱ्या साध्या वाक्यावर आधी करून घ्यावं. आलेल्या संख्येवरून शिक्का मारू नये. तीन-चार महिन्यांनी त्याच मुलाची संख्या कुठे गेली एवढंच पाहावं. खरं तर डबा कुणाबरोबर खातो, मधल्या सुट्टीत कुठे उभा असतो, कोणत्या वारी गैरहजर राहतो, या तीन नोंदी प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगतात.

हिणवण्याचं काय करायचं? 'भैया', 'बहादूर', 'चिंकी' हे शब्द पुण्यातल्या शाळांना नवे नाहीत. ते ऐकणारं मूल बहुतेकदा स्वतःही हसतं आणि शिक्षकांना वाटतं, गंमत चालली आहे. त्याच दिवशी बोलावं, पण त्या मुलाला सर्वांसमोर उभं करून 'तुला काय म्हणाले ते सांग' असं म्हणू नये. बोलणाऱ्याला बाजूला घेऊन थोडक्यात सांगावं की हे इथे चालणार नाही, आणि वहीत तारीख-नाव नोंदवावं. मारामारीपर्यंत गेल्यावर 'दोघांचीही चूक' म्हणून दोघांना सारखी शिक्षा केली की हिणवलं गेलेलं मूल तक्रार करणं कायमचं थांबवतं. शिक्षकांनीच नक्कल केली तर कायद्याचं कलम १७ आहे. शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही त्यात मनाई आहे.

घरी वेगळीच ओढाताण असते. मूल मराठी शिकतं, आई-बाप शिकत नाहीत. मग दवाखान्यात, बँकेत, ठेकेदारापुढे मूलच दुभाष्या. छोट्या कामांत याने मुलाचा भाव वधारतो. पण आईचं स्त्रीरोगाचं दुखणं, बापाचं कर्ज, पोलिसांची चौकशी हे त्याच्या तोंडून वदवून घेणं जड पडतं, आणि बापाला ते अपमानाचं वाटतं. निदान पालकसभेत तरी मुलाला स्वतःच्याच तक्रारीचं भाषांतर करायला लावू नये. त्याच भाषेचा दुसरा मोठा माणूस, तोही ठेकेदाराचा नसलेला, शोधावा. सभा त्यांच्या सुट्टीच्या वारी ठेवावी. भोसरीकडे अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. मुलींच्या बाबतीत कपडे, मोबाइल आणि मैत्रिणींकडे जाणं यावरून भांडण पेटतं आणि 'गावी पाठवतो' ही धमकी येते. इथे शाळेने मुलीची बाजू घेऊन आईला मागास ठरवू नये. त्याने घर आणि शाळा यांतलं एक निवडायची पाळी तिच्यावर येते. आईने तिला घरच्या भाषेत बोलत राहावं, असं शाळेने मुद्दाम सांगावं. आईची पत त्याने टिकते.

निर्वासित मुलांचा प्रश्न यात मिसळू नये. त्यांना परत जाण्याची वाट नसते आणि इथे राहण्याचा पुढचा कागद केव्हा मिळेल याची खात्री नसते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाही नाही. महाराष्ट्राला मात्र हा अनुभव नवा नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. काश्मीरमधल्या मुलांना पुण्यात आणून शिकवण्याचं काम सरहद संस्थेने केलं. वळिवड्याची मुलं गावापासून वेगळीच राहिली, तेव्हा तो नमुना जसाच्या तसा घेता येणार नाही. पण सगळं हरवलेल्या मुलांची भाषा तरी हातची जाऊ दिली नाही, एवढं त्यातून घ्यावं.

युद्धातून किंवा दंगलीतून आलेल्या मुलाला 'तिकडे काय झालं ते सांग' असं वर्गात कधीही विचारू नये, निबंधाचा विषय म्हणूनही नाही. गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात ढोलांचा सराव चालतो, दिवाळीत फटाके असतात. अशा मुलाला आवाजाची वेळ आधी सांगावी, ढोल जवळून दाखवावा, वाटलं तर टिपरू हातात द्यावं. अचानक आलेला आवाज त्याला घाबरवतो, माहीत असलेला तितका नाही. महिन्याच्या वर झोप लागत नसेल, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, जेवण तुटलं असेल किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा येत असेल, तर सोबतीची जोडी आणि समजूत पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८.

शेवटी बदलीचं. इमारत उभी राहिली की कुटुंब वाघोलीहून हिंजवडीला जातं आणि जमलेलं सगळं पहिल्यापासून. निघताना मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्यावंच, पण सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठीही द्यावी : कोणत्या भाषेत कुठपर्यंत वाचतो, गणितात कुठे आहे, कशात चांगला आहे, मित्र कोण होते. विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतून (पोर्टलवरून) नाव सोडण्याचं काम त्याच आठवड्यात उरकावं, ते रखडलं की पुढची शाळा अडून बसते. चौदा वर्षं भरून आठवीही पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायद्याचं छत्र उडतं आणि नववीच्या दारात 'मराठी कच्चं आहे' हे कारण पुन्हा ऐकायला मिळतं. तिथे दोन वाटा पालकांना वेळेत सांगायला हव्यात. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी. ती हिंदी माध्यमातूनही देता येते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. साइटवर काम करत शिकणाऱ्या मुलाला ही दुसरी वाट जास्त झेपते.

आपले,
पुण्यातील काही शालेय समुपदेशक व शिक्षक